घटक ५ : परभाषेचा शिक्षक आणि बहुभाषिक वर्ग – डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या कार्याचा अभ्यास

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला स्वभाषा, द्वितीय भाषा आणि परभाषा यांतील भेद उदाहरणांसह सांगता येईल, परभाषा म्हणून मराठी शिकवताना तिची कोणती वैशिष्ट्ये समोर येतात हे स्पष्ट करता येईल, डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या भाषावैज्ञानिक व शैक्षणिक कार्याचा परिचय होईल. आणि तुमच्या परिसरातील शाळेतल्या एखाद्या वर्गाच्या भाषिक वैविध्याची पाहणी करून तिच्यावर टिपण लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रमाणभाषा आणि बोली यांचा संबंध तुम्ही या अभ्यासक्रमात आधी पाहिला आहे. कोणतीही बोली प्रमाणभाषेपेक्षा हीन नसते, हे भाषाविज्ञानाचे प्राथमिक सूत्र तुम्हाला आता पाठ झाले असेल. पण हे सूत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिणे आणि पहिलीच्या वर्गात त्याप्रमाणे वागणे या दोहोंत मोठे अंतर आहे. मुक्त विद्यापीठाच्या या अभ्यासक्रमाला बसणाऱ्यांत अंगणवाडी सेविका असतात, बालवाडीच्या ताई असतात, आश्रमशाळेतील अधीक्षक असतात. शाळा अर्ध्यावर सुटलेले आणि वीस वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती धरलेले पालकही असतात. यांतील अनेकांना लहानपणी ‘नीट बोल’, ‘शुद्ध बोल’ असे ऐकावे लागलेले असते. म्हणून या घटकाचा विषय केवळ ऐतिहासिक माहितीचा नाही.

विषय थोडा अनपेक्षित वाटेल. मराठी ही जिची मातृभाषा नव्हती, जी मराठी परभाषा म्हणून शिकली, परदेशी विद्यार्थ्यांना तिने ती शिकवली, आणि नंतर महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात मराठी मुलांना वाचायला कसे शिकवावे याचा विचार करण्यात उर्वरित आयुष्य घालवले, अशा एका भाषावैज्ञानिक स्त्रीचे कार्य आपण अभ्यासणार आहोत. परक्या माणसाला मराठी शिकवणे आणि कातकरी वाडीवरील मुलाला मराठी शाळेत शिकवणे ही दोन कामे वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरची वाटतात. ती एकाच कौशल्याची कामे आहेत, असे प्रतिपादन या घटकात केले आहे.

प्रथम संज्ञा निश्चित करू. मूल घरात, कोणी मुद्दाम न शिकवता आत्मसात करते ती स्वभाषा किंवा प्रथम भाषा. जी भाषा घरची नाही, पण जिचा वापर भोवतालच्या समाजात, बाजारात, शाळेत, कार्यालयात होतो ती द्वितीय भाषा. जी भोवताली ऐकू येत नाही आणि जवळजवळ पूर्णपणे वर्गातच शिकावी लागते ती परभाषा. अमेरिकेतील विद्यापीठात बसून शिकणाऱ्याला मराठी ही परभाषा असते. तोच विद्यार्थी पुण्यात येऊन राहू लागला की ती द्वितीय भाषा होते. खोपोलीच्या कारखान्यात कामाला आलेल्या उत्तर भारतीय कुटुंबातील मुलालाही मराठी द्वितीय भाषा असते. आता प्रश्न असा, की ठाकर वा कातकरी वाडीवरून शाळेत येणाऱ्या मुलाची शाळेतली मराठी यांपैकी कोणती? सरकारी कागदावर ती त्याची मातृभाषा असते. कागदावरची नोंद आणि कानावरची भाषा यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. हा प्रश्न मनात ठेवून पुढे जाऊ.

५.२ परक्यांनी शिकलेली मराठी

मराठीच्या व्याकरणलेखनाचा इतिहास पाहिला तर परक्यांचा वाटा डोळ्यांत भरतो. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मप्रसारक गोव्यात आले, त्यांनी येथील भाषा शिकून ‘ख्रिस्तपुराण’ हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला आणि तो १६१६ मध्ये छापला गेला. कोकणी भाषेचे त्यांचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथून आले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये. दादोबा पांडुरंगांचे मराठीतून लिहिलेले व्याकरण १८३६ चे आहे.

या क्रमाचा अर्थ मराठी माणसे भाषेविषयी उदासीन होती असा लावू नये. स्वभाषेचे व्याकरण माणसाला लागतच नाही. ते त्याच्या जिभेत असते. गरज पडते ती बाहेरून येणाऱ्याला. अर्थात त्या काळच्या परक्यांची गरज धर्मप्रसाराची वा राज्यकारभाराची होती, हेही विसरता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र बदलले. अमेरिकेतील काही विद्यापीठांत दक्षिण आशियाच्या अभ्यासाची केंद्रे निघाली आणि तेथे आधुनिक भाषाविज्ञानाच्या आधारे मराठीचे अध्यापन होऊ लागले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ हे त्यांतील महत्त्वाचे केंद्र. नरेश कवडी आणि फ्रँकलिन साउथवर्थ यांचे बोली मराठीचे पाठ्यपुस्तक १९६० च्या दशकात तेथूनच प्रसिद्ध झाले. याच विद्यापीठात मॅक्सीन बर्नसन भाषाविज्ञानाच्या संशोधक विद्यार्थिनी होत्या.

५.३ मॅक्सीन बर्नसन : अध्यापनाचा प्रवास

बर्नसन मूळच्या अमेरिकन. १९६१ मध्ये त्या भारतात आल्या आणि हैदराबादच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागल्या. म्हणजे त्यांच्या भारतातील कामाची सुरुवात परभाषेच्या शिक्षिका म्हणून झाली. फक्त ती भाषा इंग्रजी होती. पुढे अमेरिकेत परतून त्यांनी भाषाविज्ञानाचा अभ्यास केला आणि प्रबंधाच्या क्षेत्रकार्यासाठी १९६६ मध्ये त्या सातारा जिल्ह्यातील फलटण येथे आल्या. फलटणच्या लोकांच्या बोलण्यातील वैविध्य हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. १९७३ मध्ये त्यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. १९७८ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. फलटणमध्ये त्या ‘मॅक्सीनमावशी’ झाल्या.

त्यांच्या कार्याचे दोन प्रवाह आहेत आणि ते बराच काळ शेजारी शेजारी वाहत राहिले. पहिला परभाषा-अध्यापनाचा. फलटण येथील लेखिका जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठी शिकण्याची पुस्तके तयार केली. त्यांत संदर्भ-व्याकरण आहे, मराठी-इंग्रजी प्राथमिक कोश आहे, वाक्यरचनांचे पाठ आणि वाचनपाठही आहेत. १९७५ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास विभागाने ती प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघाचा एक अभ्यासक्रम पुण्यात चालत असे; त्यातील तरुण विद्यार्थी मराठी कुटुंबांत राहून मराठी शिकत. बर्नसन यांनी त्यांनाही शिकवले.

दुसरा प्रवाह फलटणच्या मुलांचा. तेथील दलित वस्तीतील, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून तो सुरू झाला. त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. ज्यांचे नाव शाळेला दिले त्या कमला निंबकर यांचाही जन्म अमेरिकेतला. भारतात व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या म्हणून त्या ओळखल्या जातात. बालभवनात निरनिराळ्या जातींची आणि आर्थिक थरांची मुले एका बाकावर बसली. संस्थेने पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबर काम केले. उतारवयात बर्नसन हैदराबाद येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या केंद्राशी जोडल्या गेल्या आणि प्रारंभिक साक्षरतेचे काम त्यांनी तेथेही चालू ठेवले.

या चरित्राचा गौरव करणारे लेख पुष्कळ आहेत आणि ‘परदेशी असूनही’ हा शब्दप्रयोग त्यांत हमखास येतो. मला तो अपुरा वाटतो. भाषाशिक्षणापुरते बोलायचे तर त्यांचे परदेशी असणे हा अडथळा नव्हता, ती त्यांची तयारी होती. कशी, ते पुढील भागात पाहू.

५.४ शिकताना दिसणारी मराठी

तुमच्या घरी एखादा परदेशी पाहुणा मराठी शिकायला आला आहे असे समजा. तो विचारतो, ‘दरवाजा’ पुल्लिंगी आणि ‘दार’ नपुंसकलिंगी का? वस्तू तर एकच. आणि शेजारची ‘खिडकी’ स्त्रीलिंगी का? तुम्ही म्हणाल, ‘तसेच म्हणतात.’ हे उत्तर खरे आहे. पण शिकणाऱ्याच्या ते उपयोगाचे नाही. त्याला एवढे तरी सांगता आले पाहिजे की आकारान्त नामे बहुधा पुल्लिंगी, ईकारान्त बहुधा स्त्रीलिंगी असतात, आणि ‘पाणी’, ‘लोणी’, ‘मोती’ यांसारखे अपवाद पाठच करावे लागतात.

दुसरे उदाहरण सामान्यरूपाचे. पाहुण्याने ‘भावाने’ हा शब्द वाचला आणि कोशात शोधला. त्याला ‘भाव’ सापडला, म्हणजे किंमत किंवा मनोवृत्ती. वाक्य होते ‘माझ्या भावाने पत्र लिहिले’. ‘भाऊ’चे ‘भावा-’ होते, ‘शाळा’चे ‘शाळे-’, ‘मासा’चे ‘माशा-’, ‘पाणी’चे ‘पाण्या-’. मराठी माणसाला हे बदल होतात याची जाणीवही नसते. परक्याला मात्र प्रत्येक शब्द दोनदा शिकावा लागतो.

तिसरे उदाहरण भूतकाळाचे. ‘मुलाने पोळी खाल्ली’, ‘मुलीने आंबा खाल्ला’. खाणारा मुलगा की मुलगी, याची क्रियापदाला पर्वा नाही. ते पोळीचे आणि आंब्याचे लिंग घेते. आपण शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणून गुण मिळवले. परंतु इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही गोष्ट इतकी विलक्षण असते की तिच्यासाठी आठवडेच्या आठवडे सराव घ्यावा लागतो. त्यात ‘मी आंबा खाल्ला’ येथे ‘ने’ दिसत नाही, आणि ‘तू आंबा खाल्लास’ येथे क्रियापद आंब्याला धरून ‘तू’लाही धरते.

उच्चारांत तर लिपीच फसवते. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला ‘झ’ तुम्ही हळू उच्चारून पाहा. पहिल्यात जिभेचे टोक दातांमागे असते, दुसऱ्यात जीभ टाळूकडे जाते. पाण्याचा ‘जग’ आणि सारे ‘जग’ लिहायला एक, बोलायला दोन. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते असे आपण अभिमानाने सांगतो. या दोन शब्दांपाशी तो अभिमान जरा आवरता घ्यावा लागतो.

आणखी एक उदाहरण देतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. ‘आम्ही उद्या जाणार’ आणि ‘आपण उद्या जाणार’. पहिल्यात ऐकणारा वगळला आहे, दुसऱ्यात त्याला बरोबर घेतले आहे. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच सर्वनाम आहे. पुण्यातील यजमान घरात एखाद्या परदेशी विद्यार्थ्याने ‘आम्ही जेवू या का?’ असे विचारले, तर घरचे हसतील, पण त्याला मूर्ख समजणार नाहीत. ते म्हणतील, ‘त्याच्या भाषेत तसे नसते.’

हे शेवटचे वाक्य अधोरेखित करा. १९६७ मध्ये एस. पिट कॉर्डर यांनी शिकणाऱ्याच्या चुकांचे महत्त्व सांगणारा निबंध लिहिला. चूक म्हणजे दोष नव्हे, शिकणाऱ्याच्या मनात नियम कसा तयार होत आहे याचा तो पुरावा, असे त्यांचे म्हणणे होते. यातून त्रुटी-विश्लेषण ही अभ्यासशाखा वाढली. परभाषेचा चांगला शिक्षक चुकीकडे असेच पाहतो. अमेरिकन विद्यार्थी ‘ट’ आणि ‘त’ यांत घोटाळा करतो, तेव्हा शिक्षक त्याच्यावर ओरडत नाही. तो जिभेची जागा दाखवतो, जोड्या ऐकवतो, वाट पाहतो.

५.५ परभाषेच्या वर्गातून मराठी शाळेत

आता एक ठाकर मूल किंवा आगरी वळणाची मराठी बोलणारे मूल ‘पानी’ म्हणते. त्याच्या बोलीत ‘ण’ आणि ‘न’ यांचा भेद नाही. उत्तर कोकणातील अनेक बोलींत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘डोळा’ हा ‘डोला’ होतो. आगरीत ‘गाडी’ची ‘गारी’ होते. भाषावैज्ञानिकाच्या दृष्टीने या मुलाची स्थिती अमेरिकन विद्यार्थ्यासारखीच आहे: जो भेद त्याच्या ध्वनिव्यवस्थेत नाही तो त्याला प्रथम ऐकूच येत नाही. परंतु वर्गात आपण दोघांना सारखे वागवतो का? परदेशी पाहुण्याच्या ‘पानी’चे कौतुक होते. वाडीवरच्या मुलाच्या ‘पानी’वर लाल रेघ येते.

भाषिक वैविध्याचा अभ्यास करणारे आणि परभाषा शिकवणारे माणूस प्राथमिक शिक्षणात उतरले, की त्याला हा दुजाभाव लगेच जाणवतो. फलटणच्या अभ्यासात बर्नसन यांनी एकाच गावातील निरनिराळ्या समाजगटांचे बोलणे नोंदले होते. ज्याला गाव ‘चुकीचे बोलणे’ म्हणते त्याला स्वतःचे नियम असतात, हे अशा नोंदींतून कळते. अमेरिकेतही याच सुमारास हा वाद पेटला होता. विल्यम लबोव यांनी १९६९ मध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीविषयी लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. चाचणी घेणाऱ्यासमोर एका शब्दात उत्तर देणारा आठ वर्षांचा मुलगा, जवळचा मित्र सोबत आणल्यावर आणि मुलाखतकार त्यांच्याबरोबर खाली जमिनीवर बसल्यावर, भराभर बोलू लागला. मुलाकडे भाषा नव्हती असे नाही. चाचणीच्या खोलीत ती बाहेर काढण्याची सोय नव्हती. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर तेथील शिक्षक-शिक्षणात बहुसांस्कृतिक दृष्टिकोनाचा आग्रह वाढला, त्याच्या मुळाशी अशी निरीक्षणे होती.

वाचनाच्या बाबतीत हा मुद्दा अगदी व्यावहारिक आहे. फळ्यावर ‘पाणी’ लिहिले आहे आणि मुलाने ‘पानी’ वाचले. त्याने चूक केली का? त्याने अक्षरे ओळखली, शब्द ओळखला, अर्थ ओळखला आणि तो आपल्या बोलीत उच्चारला. हे वाचन यशस्वी झाले आहे. शिक्षकाने येथे अडवले तर मुलाचा समज होतो की आपण वाचलेच नाही. याउलट ‘पाणी’च्या जागी ‘पान’ वाचले तर ती वाचनाची चूक, आणि तेथे मदत हवी. शिक्षकाला या दोन प्रसंगांतला फरक ओळखता आला पाहिजे.

लेखनात मात्र ‘पाणी’ असेच शिकवावे लागेल, याबद्दल दुमत नको. पण ते कसे शिकवावे? प्रमाणभाषा बोलणारे मूलसुद्धा ‘श’ आणि ‘ष’ कानाने वेगळे ओळखत नाही. ‘विशेष’मधला कोणता ‘श’ आधी आणि कोणता नंतर, हे ते पाठ करते. तेव्हा त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही, कारण ती अडचण शिक्षकाचीही असते. मग ‘पाणी’तला ‘ण’ बोलीभाषक मुलाला तसाच, लेखनाचा संकेत म्हणून, न रागावता का शिकवता येऊ नये?

वाचन शिकवण्याच्या क्रमातही परभाषा-अध्यापनाची एक सवय उपयोगी पडते: पहिल्या दिवसापासून शिकणाऱ्याच्या हाती काहीतरी अर्थपूर्ण देणे. परंपरागत पद्धतीत मूल ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत मुळाक्षरे घोकते; बाराखडी संपेपर्यंत त्याला एकही वाक्य वाचता येत नाही. त्याऐवजी थोडी अक्षरे आणि एकदोन स्वरचिन्हे निवडून त्यांच्यापासूनच शब्द आणि वाक्ये करायची. उदाहरणार्थ ‘म’, ‘क’, ‘ल’ आणि काना-वेलांटी एवढ्यावर ‘मला’, ‘काका’, ‘मामी’, ‘कमी’, ‘काम’ हे शब्द होतात. अशी वर्णगटांची रीत आणि मुलांनी स्वतःच्या अनुभवाचे केलेले लेखन ही बर्नसन यांच्या फलटणच्या कामाची महत्त्वाची अंगे होती. वर्णगटांची पद्धत आज पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. मुलाच्या स्वतःच्या शब्दांना जागा देण्याचा दुसरा भाग मात्र तितका रुजलेला नाही, आणि माझ्या मते तोच अवघड आणि अधिक मोलाचा भाग आहे.

परभाषा-अध्यापनाचे शास्त्र मराठीकडे वळवण्याचे अलीकडचे एक उदाहरणही लक्षात ठेवा. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागात प्रा. विभा सुराणा यांच्या पुढाकाराने, राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने, अमराठी प्रौढांसाठी ‘माय मराठी’ ही पाठ्यपुस्तके तयार झाली. जर्मन शिकवण्याच्या अनुभवातून मराठी शिकवण्याची पुस्तके निघावीत, हे या घटकाच्या विषयाला फार अनुरूप आहे.

५.६ खालापूर-कर्जतचा वर्ग

फलटण देशावरचे. आता आपण घाटाखाली उतरू. रायगड जिल्ह्याच्या खालापूर आणि कर्जत तालुक्यांचे भाषिक चित्र फलटणपेक्षा अधिक गुंतागुंतीचे आहे. या भागाशी माझा अनेक वर्षांचा संबंध आहे, म्हणून उदाहरण येथूनच घेतो. मुंबई आणि पुणे यांना जोडणारे रेल्वेमार्ग व द्रुतगती महामार्ग येथून जातात. खोपोली आणि रसायनीच्या परिसरात कारखाने आहेत. आणि सह्याद्रीच्या उतारावर, रस्त्यापासून दूर, ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या पहिलीत आगरी वा कुणबी घरातले मूल, ठाकर मूल, कातकरी मूल आणि घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारे कामगाराचे मूल एकत्र असू शकते. शिक्षक बहुधा घाटावरचा किंवा मराठवाड्याचा. त्याची स्वतःची बोली आणखी वेगळी.

यांतील कातकरी मुलाचा प्रश्न सर्वांत बिकट. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींचा समावेश केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत केला आहे. कातकरी नाव खैराच्या झाडापासून काथ काढण्याच्या व्यवसायावरून पडले. तो व्यवसाय संपला आणि पुष्कळ कुटुंबे वीटभट्टी व कोळसाभट्टीच्या कामावर गेली. दिवाळीनंतर ती वाडी सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. म्हणजे जूनमध्ये शाळेत आलेले मूल शाळेची मराठी जरा कानावर पडू लागते न लागते तोच शाळेबाहेर गेलेले असते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात, १९०५ मध्ये, ठाकरी आणि कातकरी बोलींची नोंद झाली आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ भाषावैज्ञानिकांना ठाऊक असलेली ही बोली शाळेच्या दाखल्यावर मात्र ‘मातृभाषा : मराठी’ या नोंदीत नाहीशी होते.

परिणाम काय होतो? मूल वर्गात गप्प बसते. गप्प मुलाला ‘मंद’ ठरवायला फार वेळ लागत नाही. सेमी-इंग्रजीचा वर्ग असेल तर त्याला एकाच वेळी दोन अनोळखी भाषा भेटतात. पुढे ते शाळेत येईनासे झाले की कारण म्हणून स्थलांतर लिहिले जाते. स्थलांतर हे कारण आहेच. पण भट्टीवरून परतल्यावरही जे मूल शाळेकडे वळत नाही, त्याच्या न वळण्यात वर्गातल्या त्या गप्प महिन्यांचाही हिशेब धरला पाहिजे.

कायद्याने याची दखल घेतलेली आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम असावे असे म्हटले आहे. परंतु ‘शक्य तेथवर’ या शब्दांच्या आडोशाला बरेच काही राहून जाते.

महाराष्ट्रात यापूर्वी कोणी काही केले नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला वारली मुलांमध्ये काम केले. मूल शाळेत येत नाही तर शाळा पाड्यावर न्यायची, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवायची, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. आज तुमच्यापैकी काहींच्या पदनामात असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच कामातून आला आहे.

५.७ शिक्षकाच्या तयारीविषयी

कातकरी, ठाकरी, आगरी आणि भोजपुरी या चारही शिक्षकाने शिकाव्यात का? तशी अपेक्षा अवाजवी आहे, आणि अवाजवी अपेक्षेमुळे काहीच न करण्याची सबब मिळते. परभाषेच्या शिक्षकाला विद्यार्थ्याची भाषा अस्खलित यावी लागत नाही. ती आपल्या भाषेहून कोठे वेगळी आहे एवढे नेमके ठाऊक असावे लागते. चाळीस-पन्नास रोजचे शब्द, नात्यांची नावे, ‘ये’, ‘बस’, ‘भूक लागली का’ अशी दहा वाक्ये, आणि ध्वनींतले चारपाच ठळक फरक, एवढ्या भांडवलावर पहिल्या तीन महिन्यांचा वर्ग बदलू शकतो. हे भांडवल वाडीवरच्या आईकडून, आजीकडून मिळते. ते मागायला गेलेला शिक्षक त्या घरात प्रथमच विद्यार्थी म्हणून बसतो, आणि मुलाला ते दिसते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. बोलीच्या गौरवाच्या उत्साहात काही जण प्रमाणभाषाच नको म्हणू लागतात. मला ही भूमिका मान्य नाही. सातबारा, रेशन कार्डाचा अर्ज, जातीचा दाखला, पोलीस ठाण्यातली तक्रार हे सारे प्रमाण मराठीत चालते. ती भाषा ज्याला येत नाही त्याची कागदावर फसवणूक होते, आणि वेठबिगारीचा इतिहास असलेल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. कमला निंबकर बालभवनासारखी मराठी माध्यमाची शाळाही मुलांना प्रमाण मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवतेच. वाद प्रमाणभाषा द्यावी की नाही हा नाही. ती देताना मुलाजवळची भाषा काढून घ्यायची का, एवढाच आहे.

आता ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्याकडे परत या. वर्गात शिक्षक म्हणतो, ‘आम्ही याला पाणी म्हणतो, तुमच्यात पानी म्हणतात.’ दुसरा म्हणतो, ‘आपण घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितो.’ व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. पहिल्यात मूल कोठे उभे राहते आणि दुसऱ्यात कोठे, याचा विचार करून मगच पुढील प्रश्न सोडवा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. द्वितीय भाषा आणि परभाषा यांतील भेद सांगून, कातकरी मुलाच्या बाबतीत शाळेतील मराठी कोणत्या वर्गात बसते याची सकारण चर्चा करा. उत्तरात ‘मातृभाषा : मराठी’ या नोंदीचा विचार यावा.

२. पुढील शब्दांची सामान्यरूपे लिहा आणि परभाषक विद्यार्थ्याला ती कशी समजावून द्याल ते सांगा : मासा, नदी, भाऊ, फूल, विहीर.

३. मुलाने ‘शाळा’ हा शब्द ‘साला’ असा वाचला. दुसऱ्याने तो ‘माळा’ असा वाचला. या दोन प्रसंगांत शिक्षकाने काय करावे?

४. ‘डॉ. मॅक्सीन बर्नसन यांचे परदेशी असणे ही त्यांची तयारी होती’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? विरोधी बाजूही मांडा.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या घराजवळच्या अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात, मुख्याध्यापकांची अथवा सेविकेची परवानगी घेऊन, तीन दिवस रोज अर्धा तास बसा. मुलांची नावे लिहू नका. मुले आपसांत बोलतात तेव्हाचे आणि शिक्षकांशी बोलतात तेव्हाचे शब्द वेगवेगळ्या पानांवर, ऐकू आले तसे, टिपा. कातकरी व ठाकरी बोलीचे नमुने या घटकात मुद्दाम दिलेले नाहीत. ते तुमच्या कानांनी गोळा केलेले असावेत. त्यानंतर एखाद्या मुलाच्या आईला किंवा आजीला भेटून घरातल्या वीस वस्तूंची नावे तिच्या बोलीत विचारा. भट्टीच्या हंगामात कुटुंब वाडीवर नसेल तर भेट पावसाळ्यात ठेवा. मिळालेले शब्द वर्गशिक्षकांना वाचून दाखवा आणि त्यांतले किती त्यांना आधी माहीत होते ते विचारून टिपणाच्या शेवटी नोंदवा. टिपण चार पानांपेक्षा मोठे नसावे. ते अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात चर्चेसाठी आणावे.